मीटर वाजला, पण वायर ती नव्हती

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून खोकं घरी आणलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. साडेनऊला मी कटर घेऊन बसलो होतो. या पॅनलवर माझे जेवढे पैसे आणि जेवढ्या संध्याकाळी गेल्या, त्यातला मोठा वाटा त्या अर्ध्या तासाचा आहे.

खोक्यात बोइंग ७३७-२०० चं फ्युएल पॅनल होतं. कॉकपिटमध्ये दोन्ही पायलटांच्या डोक्यावर स्विचांनी भरलेलं जे छत असतं, त्याचा हा एक तुकडा. तो घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरला जोडायचा आणि खऱ्या स्विचांनी पडद्यावरचं विमान उडवायचं, हा माझा बेत. सहा टॉगल स्विच म्हणजे इंधनाचे सहा पंप : डाव्या पंखातल्या टाकीचे दोन, उजव्या पंखातल्या टाकीचे दोन आणि मधल्या टाकीचे दोन. एका बाजूचं इंधन दुसऱ्या बाजूच्या इंजिनला द्यायची क्रॉसफीडची गोल मूठ, तिचा एक निळा दिवा. प्रत्येक पंपाला ‘लो प्रेशर’ लिहिलेला पिवळा दिवा. भंगारात गेलेल्या विमानांचे सुटे भाग विकणाऱ्या एका बाहेरगावच्या माणसाकडून मी ते साडेआठ हजारांत घेतलं, रीतसर बिलासकट. बिल घ्याच. विमानाचा भाग घरात कुठून आला, हे कधी कोणी विचारलं तर ‘ऑनलाइन मिळाला’ हे उत्तर पुरत नाही.

विमानाचं वेड घरातलंच आहे. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची, एकमेकांची पोती घ्यायची आणि आपापल्या गावी परतायची. बाबा लहानपणी उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपायचे. कोणतं विमान कुठल्या बाजूने आलं हे आवाजावरून सांगण्याची भावाभावांत पैज लागायची म्हणे. माझ्या वाट्याला आलं ते १९९१ मध्ये सोनेगावला उतरलेलं आणि पुढे वीसेक वर्षं तिथेच पडून राहिलेलं बोइंग ७२०. कोणाला सोडायला विमानतळावर गेलो की माझं लक्ष त्याच्याकडे. त्याचं कॉकपिट कोणी मला देऊन टाकेल, असं दहावीपर्यंत खरोखर वाटायचं.

तर कटर. पॅनलच्या मागे गोल, धातूचा, पिनांचा कनेक्टर होता आणि त्यात विमानाकडचा प्लग अजून अडकलेला होता, मागे वीतभर वायरींची शेपटी घेऊन. मला तो प्लग अडचण वाटला. आतल्या वायरी सरळ आर्डुइनोला, म्हणजे स्विच हलला की संगणकाला कळवणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडायच्या, मग मध्ये हे लोढणं कशाला? मी कनेक्टरच्या अलीकडून, पॅनलच्या आत, सगळा जुडगा कापला.

सकाळी बाबांनी चहा घेता घेता टेबलाकडे पाहिलं. ते एमएसईबीत वायरमन होते, निवृत्त होऊन चौदा-पंधरा वर्षं झाली.

“खूण केली होती का कापायच्या आधी?”

“नाही.”

“फोटो?”

“नाही बाबा.”

“मग काहून कापलं?” म्हणाले आणि चष्मा आणायला गेले.

चष्मा लावून त्यांनी तो कापलेला प्लग तब्बल अर्धा तास पाहिला. त्याच्या प्रत्येक पिनेशेजारी बारीक अक्षर होतं. शेपटीतल्या प्रत्येक वायरीवर छापील नंबर होता : आधी जुडग्याचा, मग वायरीचा, शेवटी जाडीचा. मी मात्र आतल्या, बिननंबरी, एकसारख्या पांढऱ्या वायरी हातात घेऊन बसलो होतो. शेवटचा आकडा २२ पाहून बाबा म्हणाले, “बावीस गेज एवढी बारीक नसते.” त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे जुने वायरमन मोजतात ते ब्रिटिश गेज, त्यात २२ म्हणजे ०.७१ मिलिमीटर. विमानातलं गेज अमेरिकन, त्यात २२ म्हणजे ०.६४. फरक डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला कळतो. निदान त्यांच्या तरी.

त्यांना सगळ्यात आवडली ती बांधणी. एकही प्लास्टिकचा टाय नाही. मेण लावलेल्या चपट्या दोऱ्याने दर दोन-तीन बोटांवर गाठ मारलेली, खुंट्याला जनावर बांधताना देतात तसे दोन वेढे आणि वर एक घट्ट गाठ. टाय कापला की त्याचं टोक वायरीला घासतं, दोरा घासत नाही. शिवाय कुठेही वायरीला वायर सोल्डर केलेली नाही, जोड सगळे दाबून बसवलेले. सोल्डर तारांच्या पदरांत चढून तेवढा भाग ताठ करतं आणि सततच्या थरथरीने वायर नेमकी त्या ताठ जागेच्या कडेला तुटते. हे ऐकून बाबा गप्प झाले. त्यांनी आयुष्यभर पीळ दिला आणि सोल्डर मारलं होतं. “आपले खांब कुठे हलत होते,” एवढंच म्हणाले.

आता विजेचं. विमानात तीन तऱ्हेचे पुरवठे भेटतात. मुख्य डीसी २८ व्होल्टचा. एसी ११५ व्होल्टचा, पण आपल्या ५० नव्हे तर ४०० हर्ट्झचा, कारण फ्रीक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान, हलक्या होतात. आणि पॅनलवरची अक्षरं मागून उजळतात, त्या इवल्या बल्बांना ५ व्होल्ट. पाचच का? कमी व्होल्टच्या बल्बची फिलामेंट जाड असते, ती थरथर सोसते. घरी ४०० हर्ट्झच्या वाटेला जायचं कारण नव्हतं, या पॅनलला ते लागतच नाही. पेटणाऱ्या दिव्यांसाठी २८ आणि अक्षरांसाठी ५, एवढ्यात भागतं.

पाच व्होल्ट पाहून मी अर्थातच आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनेला अक्षरांची वायर लावली. लॅपटॉपने ताबडतोब यूएसबी बंद केलं. असला एक बल्ब ६० मिलिअँपिअर खातो आणि माझ्या पट्टीत ते चोवीस होते, म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर. यूएसबीचं पोर्ट देतं अर्धा. बर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीनच्या गल्लीत जाऊन ५ व्होल्टचा आणि २४ व्होल्टचा असे दोन एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेची डीसी करून देणारे डबे, आणले. एलईडीच्या पाट्यांना लावतात तेच. २४ वाल्याला बाजूला एक स्क्रू असतो, तो फिरवून २८ च्या जवळ जाता येतं. मी गेलो नाही. २८ चा बल्ब २४ वर चालवला तर उजेड साठ टक्क्यांच्या आसपास राहतो, पण आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. मे महिन्यात आमच्या वरच्या खोलीत तसंही कूलर लावून ३५ असतं, त्यात बल्बांची भर नको.

दुकानदाराने एलईडी बसवायचा सल्ला दिला होता. पुष्कळ लोक बसवतात. मला पटलं नाही. फिलामेंटचा दिवा लागताना क्षणभर घेतो आणि विझताना मागे थोडा रेंगाळतो. ते काढून टाकायचं असेल तर खरं पॅनल आणलंच कशाला, छापील स्टिकरवर बटणं लावली असती.

स्विचांकडे वळलो. आर्डुइनो मेगाला ५४ डिजिटल पिना, माझ्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त. स्विचचं एक टोक ग्राउंडला, दुसरं पिनेला, पिनेला आतून पुल-अप, म्हणजे स्विच बंद असताना पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर. मोबीफ्लाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर मेगा आणि सिम्युलेटर यांच्यात बसतं, कोड लिहावा लागत नाही. मी एक्स-प्लेन या सिम्युलेटरमधलं ७३७-८०० वापरतो. विमान नवीन असलं तरी सहा पंप आणि क्रॉसफीडची मांडणी मुळात तीच. वाटलं, रविवारी दुपारपर्यंत होऊन जाईल.

पहिली कटकट अनपेक्षित होती. दोन स्विच लागले तरी कधी लागले दिसायचे, कधी नाही. बिघाड स्विचचा नव्हता. हे स्विच काही अँपिअर वाहून नेण्यासाठी बनवलेले असतात. एवढा करंट असला की चांदीच्या काँटॅक्टवर जमलेला काळा थर जळून जातो. मेगाचा आतला पुल-अप ०.१-०.२ मिलिअँपिअर देतो. तेवढ्याने त्या थराला काही होत नाही. बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, करंट ५ मिलिअँपिअर झाला आणि प्रत्येक स्विच पन्नासेक वेळा खाली-वर केला, तेव्हा ते माणसात आले.

पण कोणती वायर कोणत्या स्विचची, हे शोधायचं होतंच. मी मल्टिमीटर बझरवर लावला, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली वाट जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक एका वायरीला, दुसरं दुसरीला, स्विच खाली-वर करायचा, वाजलं की कागदावर लिहायचं. पंखांतल्या टाक्यांचे चार स्विच तासाभरात मिळाले, चौघांची एक सामाईक वायर निघाली, तिला मी ५ नंबर दिला. मधल्या टाकीचे दोन मात्र ५ शी वाजेनात. वाजले ते ७ नंबरशी. स्विच चालू केला की वाजायचे, बंद केला की गप्प. याहून स्पष्ट काय हवं? मधल्या टाकीचा सर्किट वेगळा असेल म्हणून मी ५ आणि ७ दोन्ही ग्राउंडला जोडल्या, उरलेल्या सहा मेगाला. सहाही स्विच पडद्यावर हलले. खालून आईला बोलावून दाखवले. ती म्हणाली, छान आहे, टेबल कधी रिकामं होणार?

पुढच्या शनिवारी दिव्यांना हात घातला. विमानातले हे दिवे एका बाजूने कायम प्लसला असतात, पेटवायचं असेल तेव्हा दुसऱ्या बाजूला ग्राउंड मिळतं. त्यासाठी यूएलएन२८०३ नावाची आठ वाटांची चिप अगदी सोयीची, तिचं कामच ग्राउंड देणं. दिव्यांचा सामाईक प्लस कोणता हे मी एक-एक दिवा लावून शोधलं, ती निघाली ८ नंबरची वायर. ८ ला २४ व्होल्ट दिले.

आधी वास आला. ७ नंबरला लावलेली बारीक जंपर वायर लाल होऊन मधोमध वितळली. ती तुटली त्याच क्षणी मधल्या टाकीचे दोन पिवळे दिवे मंद उजळले. इतक्या दिवसांत पॅनलवरचे दिवे सिम्युलेटरला जोडलेले असताना पहिल्यांदा लागले, आणि मी मूर्खासारखा दोन सेकंद आनंदाने पाहत राहिलो. मग लक्षात आलं की मेगावरचा हिरवा दिवा गेला आहे. तो गेला तो गेलाच. मेगावरच्या चिपला हात लावला तर चटका बसला.

नवीन मेगा आणायचा म्हणजे पंधरवड्याचं हातखर्चाचं गणित. त्यापेक्षा त्रास होता तो कारण न कळण्याचा. तीन आठवडे मी त्या कागदाकडे पाहत होतो. पाच-सहा वेळा मीटर लावून बघितला, प्रत्येक वेळी तेच वाजत होतं.

शेवटी बाबा वर आले. जिना चढून येतात ते क्वचित. म्हणाले, “लाव मीटर.” लावला, वाजला.

“वाजला ते ठीक आहे. किती दाखवून राहिला?”

मी आकडा पाहिलाच नव्हता. इतक्या दिवसांत एकदाही नाही. ३६ ओहम.

“आणि त्या चार स्विचांचा?”

०.४.

ते काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. बझर साधारण पन्नासेक ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. हे बल्ब २८ व्होल्टला ४० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे तापल्यावर ७०० ओहम. पण थंड फिलामेंट त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाची असते. प्रत्येक दिव्यात एक गेला तरी दुसरा राहावा म्हणून दोन बल्ब समांतर. सत्तरचे निम्मे पस्तीस. मी जिला स्विच समजत होतो ती वाट स्विचमधून आणि पुढे बल्बांमधून जात होती. ७ आणि ८ या दिव्यांच्या एकाच सामाईक प्लसच्या दोन वायरी होत्या, कनेक्टरवर दोन पिनांतून बाहेर पडलेल्या. म्हणजे मी २४ व्होल्ट सरळ ग्राउंडला दिले होते. जंपर जळून तुटल्यावर तेच व्होल्ट बल्बांतून आणि चालू ठेवलेल्या स्विचमधून मेगाच्या पिनेत शिरले. दिवे उजळले ते मेगा जळत होता म्हणून.

“आधी सगळे बल्ब काढ,” बाबा म्हणाले. “मग वाजव.”

एवढंच होतं. पुढचं झाकण ओढलं की बल्ब हातात येतात. अठरा-वीस बल्ब अंड्यांच्या ट्रेमध्ये जागेनुसार मांडले आणि दोन संध्याकाळींत सगळा नकाशा कागदावर आला. प्रत्येक वायरीला नंबरची स्लीव्ह चढवली, कापायच्या आधी करायचं ते कापल्यावर केलं. मधल्या टाकीच्या स्विचला दोन कप्पे निघाले. एक पंपाचा, मोकळा, तोच मला हवा होता. दुसऱ्यातून दिव्याची वायर जात होती.

हे कोणी आणि कशाला केलं असेल, याने मला पुन्हा आठवडाभर घोळवलं, कारण नवा मेगा लावून दिव्यांची चाचणी घेतली तर पंप बंद असताना चारच पिवळे लागायचे, मधले दोन नाहीत. मी यूएलएन बदलली, बल्ब बदलले. उत्तर ७३७ च्या मॅन्युअलमध्ये साध्या वाक्यात होतं : मधल्या टाकीचा लो-प्रेशरचा दिवा पंपाचा स्विच चालू असेल तेव्हाच लागतो. पंखांतल्या टाक्यांचा दिवा पंप बंद केला तरी लागतो. विचार केला तर सरळ आहे. उड्डाणात मधली टाकी आधी रिकामी करतात आणि मग तिचे पंप बंद करून पुढे जातात. तिचे दिवे त्यानंतरही जळत राहिले तर पायलटने उरलेला सगळा प्रवास दोन पिवळ्या दिव्यांखाली करायचा का? म्हणून दिवाच स्विचमधून नेला. माझा मेगा जाळणारी वायर ही कोणाची चूक नव्हती, कोणीतरी नीट विचार करून घातलेली होती.

बाकीचं पटापट सांगतो. पॅनल बसवायच्या पट्ट्या विमानात ठरावीक मापाच्या असतात, पाव फेरी फिरवून बसणाऱ्या स्क्रूंसाठी दर ३/८ इंचाला, म्हणजे ९.५ मिलिमीटरला भोक. खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या ओळखीच्या भाऊंना मी ‘सेंटिमीटरच समजा’ असं सांगितलं. दहाव्या भोकापर्यंत फरक जवळजवळ अर्धा सेंटिमीटर झाला आणि पट्ट्या त्यांच्याकडेच राहिल्या, आता त्यांच्या दुकानात कपडे वाळवायला आहेत. दुसऱ्या वेळी कागदावर माप लिहून दिलं. क्रॉसफीडचा निळा दिवा व्हॉल्व्ह फिरत असताना प्रखर आणि पूर्ण उघडल्यावर मंद असतो. मूठ फिरवल्यावर दोन सेकंद पूर्ण उजेड, मग पीडब्ल्यूएमने, म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करून, कमी, असं केलं. हे काम छोटं होतं पण मला सर्वांत जास्त समाधान त्याच दिव्याने दिलं.

खोक्यात त्याच माणसाने भेट म्हणून एक जुनं गोल उपकरण टाकलं होतं, याहून कितीतरी जुन्या विमानाचं, आकड्यांवर पिवळट, भेगाळलेला रंग. ते मी उघडलं नाही. जुन्या उपकरणांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावत. चमक काही वर्षांत जाते, पण रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे, ते तिथेच असतं. काच बंद असेल तोवर ठीक, उघडली की ती धूळ श्वासात जाते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एक माणूस दगावला होता. ते प्रकरण वेगळं आणि फार मोठं, पण भंगारात काय असेल ते भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. दोन पिशव्यांत बंद करून, वर लिहून, पाठवणाऱ्याला आधी फोन करून ते परत केलं.

परवा रात्री पहिल्यांदा सगळं एकत्र लावलं. सोनेगावची ३२ नंबरची धावपट्टी, पडद्यावर अंधार, डोक्यावर पॅनलची पिवळसर अक्षरं. सहाही पंप एक-एक करून चालू केले, लागलेले चारही पिवळे दिवे विझले. मूठ फिरवली, निळा दिवा प्रखर झाला आणि हळूच मंद झाला. बाबा मागे स्टुलावर बसून बघत होते. धावपट्टीच्या टोकाशी जाऊन मी पाणी प्यायला खाली उतरलो.

वर आलो तर बाबा उठून निघायच्या बेतात होते. जन्मभराची सवय : खोली सोडताना जे चालू दिसेल ते बंद करायचं. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, आणि हात वर करून पंपांचे सहा स्विचही ओळीने खाली ओढले. इंजिनं बसली की नाही ते मी पाहिलं नाही, कारण बाबा तसेच हात वर धरून पॅनलकडे बघत उभे होते. चार पिवळे दिवे लागले होते.

“बंद केल्यावर लागते,” ते म्हणाले, “असा कसा दिवा बाप्पा?”